पायाखालचा स्लॅब

आमच्या सांगलीकडे स्लॅब डोक्यावर असतो. 'उद्या आमचा स्लॅब आहे' हे वाक्य लोक 'उद्या मुंज आहे' अशा थाटात म्हणतात. नारळ फुटतो, मजुरांना जेवण होतं आणि पुढचे 21 दिवस घरातलं कुणीतरी सकाळ-संध्याकाळ पाणी मारत बसतं. आमच्याकडे ते खातं आईचं.

न्यू जर्सीतल्या घराचा स्लॅब मात्र बेसमेंटमध्ये, पायाखाली. डोक्यावरचा गळतो, हा पाझरतो. मातीतली ओल काँक्रीटमधून गुपचूप वर येते आणि थेट लाकूड टाकलं तर कुजतं. म्हणून आधी परीक्षा : दीड फूट लांबरुंद प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून 16 तास ठेवायचं. खाली थेंब दिसले की लाकडी जमिनीचा बेत रद्द. मी दर तासाला बॅटरी घेऊन वाकत होतो.

"इडल्या लावल्यायस का?" बायकोने विचारलं.

पास झालो. तरी सगळीकडे जाड प्लास्टिक अंथरलंच. स्लॅबवर विश्वास ठेवायचा नाही, हा सांगलीचा संस्कार.

त्यावर दर 16 इंचांवर, औषध मुरवलेल्या 'दोन बाय चार'च्या पट्ट्या. इकडे आलेल्या आईनं टेप लावला. भरली दीड बाय साडेतीन.

"मापात मारलं की रे तुला!"

रंधून झाल्यावर सगळीकडे हेच माप भरतं, नाव तेवढं जुनं राहिलंय, हे तिला पटलं नाही. मलाही पटलेलं नाही. मग ड्रिल. पहिल्या भोकाला मी ओरडलो, दुसऱ्याला शेजारचा कुत्रा. ओल अडवायला घातलेल्या प्लास्टिकला स्वतःच्या हाताने शंभर भोकं पाडताना कसंसंच झालं.

वर पाऊण इंची प्लायवुड. छत सव्वासात फुटांवर. राहत्या खोलीला नियमाने सात फूट हवेत. सव्वादोन इंच आत्ताच गेले. उरलेल्या पाऊण इंचात लॅमिनेट आणि माझी अब्रू बसवायची होती.

"भिंतीकडं फट राह्यली बघ."

"मुद्दाम ठेवलीय, आई. लाकूड फुगतं."

"आपलं मागलं दार दर पावसाळ्यात फुगायचं, तेव्हा सुताराला शिव्या घातल्यास."

रात्री अकराला शेवटचा स्क्रू बसला. सकाळी खाली उतरलो तर आई शेवटच्या पायरीवर, पदर खोचून. हातात भरलेली बादली.

"एवढं काम केलंस, पण पाणी कोण मारणार?"