कर्णप्रवेश्य यंत्राची मीमांसा: दीक्षितपुरा पाठ

कोणत्याही शास्त्राला विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ही चार अंगं लागतात, असं जुने लोक सांगून गेले. प्रस्तुत ग्रंथाचा विषय म्हणजे स्टेजवर गाता-वाजवताना कानात घालायचं ते यंत्र, ज्याला संगीतवाले नुसतं ‘इन-इअर’ म्हणतात. प्रयोजन, ते विकत घेताना पैसे जरा कमी बुडावेत. अधिकारी, ‘मला माझाच आवाज ऐकू येत नाही’ अशी तक्रार असलेला कोणताही कलावंत, म्हणजे सगळेच. संबंध मात्र ग्रंथकर्त्याचे आणि ढोलकवाल्या काकांचे सध्या ताणलेले आहेत. त्याचं कारण यथास्थळी येईल.

हा ग्रंथ जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात सिद्ध झाला, हा योगायोग नव्हे. हे शहर १७८१ साली मराठ्यांकडे आलं, १७९८ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलं. अंमल गेला, पण मराठी माणसं राहिली. पुढे नोकऱ्यांच्या निमित्ताने आणखी आली. त्यांनी सोबत गणपती आणला, गणपतीसोबत कार्यक्रम आले आणि कार्यक्रमांसोबत साउंडवाले. इकडे शहराला १९०४ पासून तोफांचे गाडे बनवणारा कारखाना आणि १९४२ पासून खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना लाभलेला. अशा गावात कानाचा विचार व्हायला इतका उशीर का झाला, हा खरं म्हणजे स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

आता समस्या. आमच्या वाद्यवृंदात सात जण: गायक, गायिका, की-बोर्ड, ऑक्टोपॅड, बेस गिटार, ढोलक आणि हार्मोनियम. पैकी हार्मोनियम प्रस्तुत लेखकाची. ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड ही वाद्यं स्वभावतः मुकी. त्यांचा आवाज वाजवणाऱ्याला ऐकवायचा तर त्याच्यासमोर तिरका स्पीकर, म्हणजे मॉनिटर, ठेवावा लागतो. गायिकेला, म्हणजे आमच्या ताईंना, स्वतःचा गळा ऐकायचा असतो, म्हणून त्यांच्यासमोर दुसरा. मग ढोलकवाले काका विचारतात, “आणि आमची आवाज कुठाय, भैया?” तिसरा येतो. ढोलक वाढली की ताई स्वतःला वाढवायला सांगतात, ताई वाढल्या की की-बोर्ड. दोन गाण्यांत सगळे कळसाला पोचतात, माइकला स्पीकरमधला त्याचाच आवाज ऐकू येऊन तो किंचाळतो आणि पहिल्या रांगेतल्या आजी पदर कानाला लावतात.

अमेरिकेची नायॉश नावाची संस्था कामगारांच्या कानांचा हिशेब ठेवते. तिच्या मते ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला ८ तास असावं. त्यापुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटं. आमच्याकडे १५ मिनिटं तर अध्यक्षांच्या सत्कारालाच लागतात आणि तेवढा वेळ स्टेज शांत असतं. त्यानंतरचे दोन तास कोणत्या खात्यात धरायचे, हे नायॉशने सांगितलेलं नाही.

स्टेजवरचे स्पीकर हटवून आवाज थेट कानात सोडायचे प्रयोग परदेशात १९८० च्या दशकापासून चालले होते. पण संप्रदायाला आचार्य लाभला तो १९९५ साली. व्हॅन हॅलन या अमेरिकी बँडचे मॉनिटर सांभाळणाऱ्या जेरी हार्वीने ड्रम वाजवणाऱ्या ॲलेक्स व्हॅन हॅलनसाठी कानाच्या साच्यात बसणारं यंत्र केलं, एकेका कानाला दोन ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे इवले स्पीकर, घालून. त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली आणि २००८ साली ती लॉजिटेकने घेतली. अशा यंत्रांत जी ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ नावाची चिमुकली रचना असते, ती श्रवणयंत्रांमधून आलेली. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी घडलेली वस्तू, ज्यांना आपल्याखेरीज दुसरं काही ऐकायचं नाही त्यांच्या कानात गेली.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो. तो मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये काउंटरमागे उभा असतो आणि त्याचं वय फार तर बावीस असतं. “अंकल, इसमें एक-एक कान में पाँच ड्राइवर हैं.” हा बहुड्रायव्हरवाद. पाच माणसं एकापेक्षा जास्त काम करतात, तद्वत पाच ड्रायव्हरही करणार, हे त्यामागचं अनुमान. ज्याने सरकारी कचेरी पाहिली आहे त्याला या अनुमानातला दोष वेगळा दाखवावा लागू नये. तरी प्रत्यक्ष प्रमाण देतो: केझेड या चिनी कंपनीच्या झेडएस१० मध्ये दर कानाला पाच ड्रायव्हर आहेत, शुअर कंपनीच्या एसई२१५ मध्ये एकच आहे, आणि महाग दुसरं आहे. ड्रायव्हर वाढले की कोणी खर्ज घ्यायचा आणि कोणी तार सप्तक, याची वाटणी आतल्या आत करावी लागते. ती नीट झाली तर उत्तम, नाही तर एका कानात पाच पंचांची सभा. संख्येवरून काहीच सिद्ध होत नाही, एवढाच इथला निष्कर्ष.

आता सिद्धांत. यंत्र कोणतंही असो, ते कानात हवाबंद बसलं पाहिजे. बाकी सगळा अर्थवाद. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि दोन ठिकाणी वळलेली. तोंडाशी फट राहिली की खर्ज गळून जातो आणि बाहेरची ढोलक आत येते. खर्ज गेला म्हणून बेस गिटारवाला आवाज वाढवतो, ढोलक आत आली म्हणून बाकीचे वाढवतात, आणि ज्या त्रासासाठी हजारो रुपये घातले तो आता कानापासून मीटरभर दूर नसून पडद्याला खेटून असतो.

म्हणून यंत्राच्या तोंडाला लावायला डब्यात येणाऱ्या लहान, मध्यम, मोठ्या टिप या शोभेच्या नव्हेत. आमच्या की-बोर्डवाल्याचा उजवा कान मध्यम आणि डावा लहान निघाला. दोन्ही कान एका मापाचे नाहीत हे ऐकून त्याला आठवडाभर करमलं नाही. तो आरशासमोर उभा राहायचा, असं त्याची आई सांगते. फोमच्या टिपचा विधी असा: ती दोन बोटांत वळून काडीसारखी बारीक करावी, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, टिप आत सरकवावी आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावी. धीर लागतो तो शेवटच्या पायरीला. आमचे गायक तिसऱ्याच सेकंदाला बोट काढतात. बसली की नाही याची परीक्षा बेस गिटारच्या सर्वांत खालच्या तारेने घ्यावी: छातीत नाही तरी कानात ती भरून आली पाहिजे. वायर कानामागून घ्यावी, म्हणजे तिला हिसका बसला तरी यंत्र जागेवर राहतं. कमानिया गेटजवळ खव्याची जिलबी खाऊन त्याच बोटांनी टिपला हात लावू नये. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभी राहिलेली ती कमान पाहावी, जिलबीही खावी, पण मध्ये हात धुवावे.

ज्यांना टिपचा जाच सोसत नाही त्यांनी कानाचा साचा घ्यावा. त्यासाठी परदेशी जायला नको. कानाचं यंत्र देणाऱ्या केंद्रात तो घेतात. ताईंबरोबर प्रस्तुत लेखक गेला होता. बाकावर सगळी पंचाहत्तरीपुढची मंडळी, मध्ये ताई. एक आजोबा कळवळून म्हणाले, “इतक्या लहान वयात गं?” आत बाईंनी आधी बॅटरीने कान तपासला, मग दोरा बांधलेला स्पंजचा बोळा खोल बसवला, म्हणजे माल पडद्यापर्यंत जात नाही. नंतर दोन रंगांचं सिलिकॉन मळून पिचकारीने कानात भरलं आणि पाचेक मिनिटं स्वस्थ बसायला सांगितलं. इथे ताईंनी शास्त्रार्थ काढला. त्या म्हणाल्या, “मी गाते तेव्हा तोंड उघडं असतं. मग साचा मिटल्या तोंडाचा कशाला?” प्रश्न बिनतोड होता. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. तोंड मिटून घेतलेला साचा ‘आ’कार लावताच सैल पडतो. गायकांचा साचा म्हणूनच दातांमध्ये ठोकळा धरून, तोंड उघडं ठेवून घेतात. ठोकळा मिळाला, आणि ताई पाच मिनिटं तोंड वासून बसल्या. बाहेरच्या आजोबांनी दारातून पाहिलं आणि आपला नंबर मागच्या माणसाला देऊन टाकला.

कान असा बंद झाला की गायकाला स्वतःचाच आवाज आतून घुमल्यासारखा वाटतो, कारण हाडांमधून येणारी कंपनं एरवी कानातून बाहेर पडतात ती आता आतच अडकतात. याला कंटाळून गायक एक कान उघडा ठेवतात. हे पाप आहे. एका कानाने ऐकलं की तेवढाच आवाज कमी वाटतो, म्हणून माणूस उरलेल्या कानात तो वाढवतो. आणि पुढे ज्या कानाने तो तंबोरा ऐकणार, तोच बाद होतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जिचा विचार अमेरिकी आचार्यांनी केलेला नाही. गुरूचं नाव घेताना आपण कानाची पाळी धरतो. आमचे गायक गुरुभक्त. दर दोन गाण्यांमागे त्यांचं यंत्र निसटतं आणि पुढचं गाणं अर्धा सूर चढं लागतं. गुरूंना याची कल्पना दिलेली नाही.

ब्लूटूथविषयी एकच परिच्छेद, कारण तो विषय तेवढ्याच लायकीचा आहे. ऑक्टोपॅडवाल्या पोराने सकाळी पळायला जाताना लावायचे इअरबड आणले. “वायरची कटकट नाही काका.” साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. हवेतून आवाज १०० मिलिसेकंदांत सुमारे ३४ मीटर जातो. म्हणजे पोरगा बसला होता आमच्यात, पण ताल घेत होता गल्लीच्या टोकाला उभं राहून. दादऱ्यात त्याची सम आमच्या दुसऱ्या मात्रेशी भेटली आणि दोघींनाही ओळख पटली नाही. सारांश, जो बसून वाजवतो त्याने तार घ्यावी. कमरेला लावायचा छोटा वायरचा हेडफोन ॲम्प्लिफायर त्याला पुरतो आणि पैसे वाचतात. जो स्टेजभर हिंडतो त्याने स्टेजसाठीच बनवलेला बिनतारी संच घ्यावा. आणि संच कोणताही असो, त्यात आवाजाला मर्यादा घालणारा लिमिटर असावा, कारण साउंडवाल्याचा हात कधी घसरेल ते सांगता येत नाही.

आता संबंधांकडे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने उत्तम वृंदाची संख्या दिली आहे: मुख्य गायक ४, साथीचे गायक ८, गायिका १२, बासरीवाले ४ आणि मृदंगवाले ४. एकूण ३२. त्यांना मॉनिटर कोण देत होतं, यावर टीकाकार गप्प आहेत. आमच्याकडे बेरिंजरचा एक्सआर१८ मिक्सर आहे. त्यातून सहा ऑक्स निघतात, म्हणजे सहा वेगवेगळ्या कानांना सहा वेगवेगळी मिश्रणं. आम्ही सात. दोन्ही कानांना डावं-उजवं वेगळं ऐकायचा शौक केला तर एकेकाला दोन ऑक्स लागतात आणि सहांत तिघांचीच सोय होते. ती चैन पहिल्याच बैठकीत बुडाली. उरला प्रश्न सातव्याचा. गायक-गायिकेला एकत्र ठेवायची सूचना दोघांनी एकाच सुरात फेटाळली. वर्षभरात त्यांचा तेवढाच सूर जुळला. शेवटी वयाचा मान म्हणून ढोलकवाले काका आणि नम्रतेचा दंड म्हणून ग्रंथकर्ता, असे दोघं सहाव्या ऑक्सवर आलो.

तेव्हापासून काका साउंडवाल्याकडे बोट वर करतात, ग्रंथकर्ता खाली. काकांना हार्मोनियम म्हणजे विघ्न वाटते. “पेटी कमी कर रे, ठेका ऐकू येऊ दे!” ठेका ते स्वतःच वाजवत आहेत, हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर त्यांनी तीन दिवस अबोला धरला. न्यायशास्त्रात याला काय म्हणतात कोणास ठाऊक. घरी आमच्याकडे याला एकच बाथरूम म्हणतात.

मळाचा विचार राहिला. कानातला मळ कोरडा की ओला, हे एका जनुकावर ठरतं, असं जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवलं. ओल्या मळाच्या धन्याने यंत्राच्या तोंडाची जाळी दर कार्यक्रमानंतर सोबतच्या बारीक ब्रशने साफ करावी, तोंड खाली धरून, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. एक कान अचानक मंद झाला तर साउंडवाल्याशी भांडण्यापूर्वी जाळी पाहावी. दुसऱ्याचं यंत्र मागू नये, देऊ नये.

परिशिष्ट म्हणून निवेदकांचं प्रकरण नोंदवतो. गणपतीच्या चौथ्या दिवशी ते अडून बसले: सगळ्यांच्या कानात आहे, आमच्याच का नाही? ऑक्स शिल्लक नव्हती. ऑक्टोपॅडवाल्याने त्यांना फोमच्या टिप लावलेली जुनी जोडी दिली, बोटाने धरून नीट बसवली, वायर कुडत्याच्या आतून खाली नेली आणि जॅक खिशात सोडला. तो कशालाच लावलेला नव्हता. कार्यक्रम संपल्यावर निवेदक मुद्दाम स्टेजमागे आले. “वाहवा,” म्हणाले, “आज पहिल्यांदा स्वतःला नीट ऐकलं. कोणती कंपनी आहे? किती ड्रायव्हर?”

पोराने सांगितलं, “काका, पाच.”