आण्णांचे उपग्रह

माढा तालुक्यात गाडीचा वेग ऊस ठरवतो. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्यावर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर उतरतात, आणि मग तुमच्या गाडीच्या काट्यावर दोनशेपर्यंत आकडे असले तरी ती पंधरानंच चालते. पुढच्या टेपवर लागलं असेल ते गाणं ऐकायचं, सांडलेली कांडी चुकवायची आणि समोरचं वळण कधी संपतंय ते बघायचं. अशा मुलखात वेगाच्या कॅमेऱ्याची आगाऊ वर्दी देणारं, उपग्रहावर चालणारं यंत्र घेऊन फिरणं ही हौस वाटेल. पण आमच्याकडं त्याला सबळ कारण होतं. मोटार आण्णांच्या नावावर आहे.

आरसी बुकावर आण्णा, म्हणजे आरटीओच्या दप्तरी मोबाइलही आण्णांचाच. पूर्वी गाडी अडवली जायची, जे काय ते रस्त्यातच व्हायचं, घरी पत्ता लागायचा नाही. ई-चलनानं ही सोय संपवली. धाकट्या भावानं पुण्याहून येताना भिगवणच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी पाय दाबला आणि त्याचा निरोप थेट आण्णांच्या खिशात वाजला. दंड रुपये दोन हजार. खाली लिंक, लिंकमध्ये फोटो. आण्णांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "नंबरप्लेट लई स्वच्छ आलीया. धुतली कवा हुती?"

पुढं येईल त्या माणसाला तो फोटो दाखवण्यात आला. धाकट्याला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही. पाहुणे चहा घेऊन, "मुलगा चांगलाय, पण जरा घाईचा दिसतो," असं म्हणून गेले ते गेलेच.

इंग्लंडात नोकरी करणाऱ्या भाच्याला धाकट्या मामाची दया आली. सुट्टीवर येताना त्यानं काडेपेटीएवढं एक यंत्र आणलं. भारतातल्या कॅमेऱ्यांची यादी त्यात भरली, ते फोनला जोडलं आणि समोरच्या काचेला चिकटवलं. पहिल्या फेरीला आण्णा पुढच्या सीटवर बसले. यंत्राची चौकशी त्यांनीच केली.

"ह्याला पोलीस दिसतो?"

"नाही आजोबा. हे उपग्रहाशी बोलतं."

"उपग्रह कुटं हाय?"

"वर. वीस हजार किलोमीटरवर."

"आन् तितनं त्येला टेंभुर्णीतला क्यामेरा दिसतो?"

"नाही. त्याला काहीच दिसत नाही. तो फक्त वेळ सांगतो. चार उपग्रहांकडनं वेळ ऐकायची, कुणाची किती उशिरा पोचली ते मोजायचं, त्यावरनं आपण कुठं आहोत ते कळतं. मग यादीत बघायचं, जवळपास कॅमेरा आहे का."

आण्णांनी थोडा विचार केला. "म्हंजे घड्याळ हाय म्हण की."

भाचा इंजिनिअर आहे. तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला, कारण ते बरोबर होतं. त्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळं बसवलेली असतात आणि बाकी सगळा डोलारा त्यांच्यावर उभा असतो. त्यातही आमचं नशीब असं की २ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा हा संदेश मुद्दाम बिघडवून सोडत असे. तेव्हा हे यंत्र घेतलं असतं तर महामार्गावरचा कॅमेरा त्यानं शेजारच्या उसात दाखवला असता.

वेगाच्या कॅमेऱ्याची जन्मकथा भाच्यानंच सांगितली. मॉरिस गॅट्सोनाइड्स नावाचा एक डच गडी मोटारींच्या शर्यतीत उतरायचा. १९५३ ची मोंटे कार्लो रॅली त्यानं जिंकली. वळणावर आपला वेग किती राहतो, आणखी किती वाढवता येईल, हे बघायला त्यानं एक मोजणी यंत्र बनवलं. तेच पुढं जगभरच्या पोलिसांच्या हाती गेलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! आण्णांना ही गोष्ट फार आवडली. तेव्हापासून धाकटा घाईनं निघाला की ते त्याला "या, गॅटसोबा" म्हणून निरोप देतात.

यंत्र यायच्या आधी गाडीत इशारे नव्हते असं नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना वेगाची घंटा सक्तीची झाली: ८० च्या वर गेलं की थोड्या थोड्या वेळानं टुंग टुंग, १२० च्या वर अखंड. आमच्या गाडीत तर दुसरीही सोय आहे. मागच्या सीटवर आई असते. साठ झाले की एक "पांडुरंगा". सत्तरीला "पांडुरंगा, पांडुरंगा". नव्वदच्या पुढं नामाचा अखंड गजर सुरू होतो तो गाडी ट्रॅक्टरच्या मागं अडकेपर्यंत. कारखानदारीनं आईला सुख दिलं असेल तर ते एवढंच.

नव्या यंत्रानं वाद मात्र वाढवला. गाडीचा काटा ८० दाखवी तेव्हा यंत्र ७६ म्हणे. आण्णा सावध झाले. भाच्यानं समजावलं की काट्यानं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये असा दंडक असतो, म्हणून कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात. खरा वेग उपग्रहाचाच धरायचा. आण्णांनी बाहेर बघत सुस्कारा सोडला. "कारखान्याचा काटा कमी दावतो, गाडीचा काटा जास्त दावतो. शेतकऱ्याच्या बाजूनं येक बी काटा न्हाय." यावर भाच्याकडं उत्तर नव्हतं. आजवर ते कुणाकडंच सापडलेलं नाही.

माढ्याहून कुर्डुवाडी, तिथून टेंभुर्णी, या सबंध रस्त्यात यंत्र चकार शब्द बोललं नाही. बिघडलं की काय असं वाटलं. महामार्गाला लागल्यावर एकदा बोललं, ते इंग्रजीत, आणि त्या आधीच कडेच्या फलकावर पुढं कॅमेरा असल्याचं लिहिलेलं होतं. तसा नियमच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत १६७-अ घातला, त्यानुसार कॅमेऱ्याच्या टापूआधी ठळक फलक लावावा लागतो. "सरकारच सांगतंय तर ह्यो कशाला?" आण्णा म्हणाले. फलक आणि वाहनचालक यांच्यामध्ये एखाद्या भावी आमदाराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला तर हे यंत्र उपयोगी पडतं, एवढंच मी यंत्राच्या बाजूनं बोलू शकलो.

खरी पंचाईत दुसरीच. खांबावरचा कॅमेरा यादीत सापडतो. लेझरची बंदूक घेऊन उभी असलेली पांढरी गाडी यादीत कशी सापडणार? ती आज इथं, उद्या तिथं. समोरून येणारा ट्रकवाला डिपर मारेल तर कळायचं. इथं आण्णांनी सूत्रं हातात घेतली. "सोलापूर जिल्ह्याचं ऊन हाय. उन्हात कोण हुबारतंय? सकाळच्याला झाडाच्या पश्चिमेला बघायचं, चारनंतर पूर्वेला. बारा वाजता बुंगाट जा, जेवाय गेल्यात." पुढचे काही दिवस हा अंदाज पडताळून बघितला. लिंबाची झाडं, सावली, गाडी, सगळं जिथल्या तिथं. भाच्याच्या यादीनं यातली एकही गाडी दाखवली नाही. "तुझं उपग्रह चोवीस," आण्णा म्हणाले, "माझा सूर्य येक."

युरोपातही या यंत्राकडं सगळे सारख्या नजरेनं बघत नाहीत. ब्रिटनमध्ये ते खुशाल लावा. जर्मनीत गाडी चालवताना वापरायला बंदी. स्वित्झर्लंडमध्ये तर नुसतं जवळ बाळगलेलंही चालत नाही. फ्रेंचांनी नामी तोड काढली: यंत्रानं कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगायची नाही, फक्त 'धोक्याचा टापू' म्हणायचं, आणि तो टापू महामार्गावर चार किलोमीटर लांब धरायचा. हा नियम आमच्याकडं आला तर यंत्र तालुक्याच्या शिवेवर एकदा वाजेल आणि शिव ओलांडल्यावर बंद होईल.

आण्णांनी जवळजवळ तेच करून ठेवलं. यंत्राला एक बटण आहे. नवा कॅमेरा दिसला की चालवणाऱ्यानं ते दाबायचं, जागा नोंदली जाते आणि पुढच्या वेळी तिथं यंत्र ओरडतं. हे समजल्याबरोबर आण्णांचा अंगठा त्या बटणावरून हलेना. रंग उडालेला गतिरोधक, दाबलं. म्हसरं पाण्याला आडवी जातात ती जागा, दाबलं. शाळा, वजनकाटा, रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या उभ्या करतात तो ढाब्यापुढचा पट्टा. माढेश्वरीच्या देवळाकडं जाणारा फाटा, कारण तिथं हात जोडायचे असतात. उधारी थकलेलं खताचं दुकान. तिथं सूचना वेग वाढवण्याची आहे, पण यंत्राला आवाज एकच. आता ते कुठंही टुंग करतं आणि पुढं म्हैस आहे, देवी आहे की देणेकरी, हे आपलं आपण ओळखायचं. प्रामाणिकपणे सांगायचं तर गाडी खूपच सावकाश चालायला लागली आहे.

शेवटचं बटण त्यांनी तात्यांच्या बंगल्यापुढं दाबलं. तात्या म्हणजे आमची भावकी. बांधावरून दोन पिढ्यांचं वाकडं. "हितनं धा'च्या स्पीडनं न्यायची गाडी," आण्णा म्हणाले, "बघू दे त्येस्नी."

त्या बटणाची एक खोड भाच्यानं सांगितली नव्हती. नोंदलेली जागा फोनवरून कंपनीकडं जाते आणि बाकीच्यांनी दुजोरा दिला की सगळ्यांच्याच यादीत चढते. धाकट्याच्या मित्रमंडळाच्या फोनवर तेच ॲप आहे. ती पोरं व्हॉट्सॲपवर कशालाही न वाचता अंगठा दाखवतात, त्या सवयीनं त्यांनी इथंही 'बरोबर' दाबलं.

आता पुण्याच्या अनोळखी मोटारी भरधाव येतात आणि तात्यांच्या बंगल्यापुढं एकदम गोगलगाय होतात. माणसं काचेतून वर-खाली, इकडं-तिकडं निरखून बघतात आणि सावकाश पुढं जातात. तात्यांना याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. पुण्यामुंबईची माणसं आपलं घर बघून जातात, हे त्यांनी पारावर सांगितलं, सोसायटीत सांगितलं, मग बंगल्याला नवा रंग दिला आणि गच्चीच्या कठड्याला लायटिंग केलं.

आण्णांनी ती जागा यादीतून काढायला भाच्याला रात्री फोन केला. काढता येत नाही. तिथून जाणाऱ्या पुरेशा लोकांनी 'कॅमेरा नाही' असं कळवावं लागतं. त्यामुळं सध्या आण्णा सकाळचा चहा झाला की तात्यांच्या बंगल्याअलीकडं, लिंबाच्या पश्चिमेला, सावलीत उभे असतात. पुण्याची गाडी दिसली की हात करतात आणि काचेशी वाकून सांगतात, "हितं कायबी न्हाय बघा. ते बटण दाबा आन् सोडा बुंगाट."