बोराटीची अडवणूक

काटा बोचणं वेगळं आणि काट्याने धरून ठेवणं वेगळं. बाभळीला फक्त पहिलं जमतं. तिचा काटा लांब, पांढरा, सरळमार्गी. पायात मोडतो, आपण आईचं नाव घेतो, काटा निघतो, प्रकरण मिटतं. बोराटीचा कारभार तसा नाही. फांदी जरा डोळ्यांजवळ धरून पाहा. प्रत्येक पानाच्या देठाशी दोन काटे असतात. त्यातला एक लांब आणि सरळ, दुसरा आखूड आणि मागे वाकलेला, गळाच्या आकड्यासारखा. सरळ काटा येणाऱ्यासाठी, आकडा जाणाऱ्यासाठी. पिकलेल्या बोरासाठी हात आत घालताना फारसं कुणी काही म्हणत नाही. हात बाहेर काढायला लागलं की चौकशी सुरू होते. बाही अडकते, ती सोडवताना दुसरी अडकते, आणि तोवर वाऱ्याने एक फांदी पाठीमागून येऊन टोपी उचलते.

मुकुटबनच्या आसपास अशी अडवणूक जागोजागी आहे. यवतमाळ जिल्ह्याचं हे पूर्वेकडचं टोक, तालुका झरी जामणी. खाली पैनगंगा, पैनगंगेपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. काळ्या जमिनीत कपाशी आणि तूर, आणि जिथे काळी संपून बरड लागते तिथे बोराटी. जमिनीच्या पोटात चुनखडी आणि कोळसा आहे. पोटातल्या मालासाठी सिमेंटचा कारखाना आला, रेल्वेच्या मालगाड्या आल्या. वरच्या मालासाठी फक्त शेळ्या येतात. शेळी मात्र जाणकार. मागच्या दोन पायांवर उभी राहून, ओठांनी दोन काट्यांमधलं पान अचूक टिपते. पान वरून हिरवं, खालून पांढुरकं, लवदार. इतक्या काट्यांतून इतकं मऊ पान वेचायचं कसब माणसाच्या डॉक्टरांनाही शिकण्यासारखं आहे.

शेतकऱ्याचं आणि बोराटीचं मात्र पिढीजात वैर. बोराटी धुऱ्यावर असती तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं, पण ती वावराच्या मधोमध उगवते. वखराची पास नेमकी तिच्या खुंटाला अडते आणि बैल मागे वळून मालकाकडे पाहतात. तोडावी तर पावसाळ्यात एका खुंटातून दहा फुटवे. मुळासकट उपटावी म्हटलं तर मूळ इतकं खोल गेलेलं असतं की उपटणाराच थकून तिच्याच सावलीला बसतो, आणि तिची सावली ती केवढी! आता वावरात ट्रॅक्टर आले. पूर्वी जो काटा पायात मोडायचा तो टायरात मोडतो. पायाला रुईचा चीक लावून भागत होतं. टायरचं पंक्चर काढायला गावात जावं लागतं आणि तिथे चहाही घ्यावा लागतो. म्हणजे अर्धा दिवस बोराटीने अडवला.

उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी वावर साफ करायची वेळ आली की या वैराला वेगळं वळण लागतं. तोडलेली बोराटी फेकून देत नाहीत. ओढत धुऱ्यावर नेतात आणि तिचीच कुपाटी करतात. ज्याने वर्षभर त्रास दिला त्यालाच राखणीला बसवायचं, ही युक्ती राजकारणात नंतर आली असावी.

कुपाटी घालणं हे पाहण्यासारखं काम आहे. हाताने कुणी करत नाही. दुबेळकी काठी लागते, तिच्या बेचक्यात फांदी धरायची, बुंधा आतल्या अंगाला आणि शेंडा बाहेर असा टाकायचा, मग काठीनेच दाबायची. त्यावर दुसरी, त्यावर तिसरी. ना तार, ना दोरी, ना खिळा. एका फांदीचे आकडे दुसरीत रुततात आणि थोड्या वेळाने त्यातली एक ओढून पाहिली तर अख्खी कुपाटी हलते, फांदी सुटत नाही. वाळल्यावर तर काटे आणखी कडक. पहिले काही दिवस पानं हिरवी असतात तेवढंच काय ते सांभाळायचं, कारण कुंपणाने शेत खाल्ल्याचं आपण ऐकून असतो, इथे शेळी कुंपणच खाऊन जाते. पुढे पावसाने ती कुजते, वाळवी लागते, पुढच्या उन्हाळ्यात नवी घालायची. बोराटी कमी पडेल ही चिंता आजवर कुणाला पडलेली नाही.

हे सगळं ज्या कुऱ्हाडीने तोडायचं तिचा दांडा पुष्कळदा बोरीच्याच लाकडाचा असतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. बोर झाड म्हणून वाढू दिलं तर लाकूड तांबूस, घट्ट आणि टिकाऊ निघतं. अवजारांचे दांडे, खाटेचे पाय, पूर्वी बंडीची चाकंसुद्धा त्याची. त्या चाकावरून आपल्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. एक पाहुणा अनोळखी घरी उतरला, यथेच्छ जेवला, मुक्काम लांबवला. यजमानाला वाटलं हा बायकोच्या माहेरचा, बायकोला वाटलं हा सासरचा. शेवटी धीर करून विचारलं, तेव्हा पाहुणा म्हणाला, माझ्या गाडीचं चाक बोरीचं, तुमच्या दारात झाड बोरीचं, तेव्हा आपलं नातं जवळचंच. हाच तो बादरायण संबंध. लोक या गोष्टीत पाहुण्याला हसतात. मला त्यात बोरीचा दोष जास्त दिसतो. तिच्या दारात आलेला माणूस सहज सुटून गेल्याचं उदाहरण कमीच.

पोरांचं पाहा. डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत शाळा सुटणं आणि पोर घरी पोचणं यांच्यात बोराटी उभी असते. कोणत्या धुऱ्यावरची गोड, कोणती नुसतीच आंबट, कोणती तुरट आणि फक्त पाहुण्या पोरांना दाखवायची, याचा नकाशा प्रत्येक पोराच्या डोक्यात पक्का असतो. हिरवं बोर नवशिक्यांचं, पिवळं घाईवाल्यांचं. खरं बोर लालसर, थोडं सुरकुतलेलं, काट्यांच्या अगदी मधोमध असलेलं. अळी निघाली तर पोरांचं शास्त्र सांगतं की अळीला गोडच बोर कळतं, तेव्हा शंका नको, अळी काढ आणि खा. अंधार पडायच्या सुमाराला फाटक्या शर्टाने घरी गेलं की ‘बोराटीत अडकलो होतो’ एवढंच सांगायचं. पुरावा अंगावरच असतो.

होमरच्या ‘ओडिसी’त एक असं फळ आहे की ते खाल्लं की माणूस घर विसरतो. ओडिसियसच्या खलाशांनी ते खाल्लं आणि परत जहाजावर यायला तयार होईनात, त्यांना रडत-ओरडत ओढून आणावं लागलं. ते फळ म्हणजे उत्तर आफ्रिकेतलं एक जंगली बोर असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. त्यासाठी इतकी विद्वत्ता कशाला लागली कळत नाही. जानेवारीत संध्याकाळी मुकुटबनच्या एखाद्या धुऱ्यावर उभं राहून, पोरांना हाका मारणाऱ्या आया ऐकल्या असत्या तरी भागलं असतं.

त्या आयाही अडकतात, पण त्यांचं अडकणं हिशेबाचं असतं. बाया मिळून बोरं वेचायला जातात. या रानात वाघाचा वावर आहे, तेव्हा एकटीने जायचं नाही आणि बोलत राहायचं. बोलण्याची अट कुणाला जड जात नाही. काही बोरं बाजाराला, काही उकडायची आणि मीठ लावून खायची, उरलेली वाळवायची. वाळलेली कुटली की बोरकूट. शाळेच्या फाटकाबाहेर कागदाच्या पुडीतून हे बोरकूट खाल्लेला माणूस पुढे कितीही मोठ्या हॉटेलात जेवला तरी त्याची जीभ त्या पुडीशीच इमान राखते. सी जीवनसत्त्वाच्या बाबतीत बोर संत्र्यापेक्षा वरचढ आहे. हे नागपूरकरांच्या कानावर फार मोठ्याने घालू नये.

हा नाद आजकालचाही नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातली शेतकऱ्यांची वस्ती, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. तिथे धान्याबरोबर बोराच्या बिया सापडल्या. कुणीतरी बोर खाल्लं, बी थुंकली, आणि तीन हजार वर्षांनी विद्वानांनी ती जपून उचलून पिशवीत घातली, वर नंबर टाकला. आमच्या लहानपणी अंगणात बिया थुंकल्या म्हणून पाठीत धपाटे मिळत. इतिहासाचं किती नुकसान झालं त्याची मोजदाद नाही.

आयुर्वेदाने तर बोर तराजूत घातलं. ‘कोल’ म्हणजे बोर, आणि कोल हे औषधाचं मापही. घरोघरच्या आज्यांनी तीच परंपरा चालवली. चिंच किती, तर बोराएवढी. गूळ किती, बोराएवढा. कोणतं बोर, हे विचारायची सोय नव्हती.

पंचांगातही बोराला जागा आहे. तुळशीच्या लग्नात चिंच-आवळ्यांबरोबर बोर लागतं, आणि जुन्या घरांत त्याआधी बोर खात नाहीत. भोगीच्या भाजीत बोर, संक्रांतीच्या सुगडात बोर, महाशिवरात्रीला पिंडीवर बोर. थोडक्यात, चार महिने बोराटी सोवळ्यात असते आणि आठ महिने शिव्यांत. संक्रांतीनंतर लहान लेकराला काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. ते बोरन्हाण. लेकरू बावरतं, आजूबाजूची पोरं बोरं वेचायला तुटून पडतात. आणि आमच्या मुसलमान शेजाऱ्यांकडे मयताची शेवटची अंघोळ बोरीचा पाला घातलेल्या पाण्याने होते. पाला चुरडला की त्याला साबणासारखा फेस येतो. एका घरची पहिली, एका घरची शेवटची, दोन्ही अंघोळींना झाड एकच. दोघांनाही पाला आणि बोरं एकाच धुऱ्यावरून आणलेली मी पाहिली आहेत, आणि धुरा तिसऱ्याच्याच मालकीचा.

शबरीची उष्टी बोरं आपण सगळे मानतो. वाल्मीकींनी मात्र तिच्या हातून रानातली फळंमुळं दिली, चाखलेली बोरं लोकांनी नंतर घातली. योग्य केलं. बोर चाखल्याशिवाय कुणाला देऊ नये हे रानात राहणाऱ्या कुणालाही कळतं. दुसरीकडे, येशूच्या डोक्यावरचा काटेरी मुकुट बोराच्याच एका पश्चिम आशियाई भाऊबंदाचा होता अशी परंपरा आहे, त्याचं शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलंय. मुकुटबनच्या नावात मुकुट आणि रानात काटे आहेत, पण अजून कुणी दोन्ही एकत्र केलेले नाहीत. निवडणुका असतात तेव्हा मोह होत असेल.

अलीकडे रानबोरीच्या खुंटावर डोळा भरून उमराण किंवा ॲपल बोर घेतात. वरचं फळ बदलतं, खाली मातीत राबणारं मूळ तेच जुनं रानटी. ॲपल बोर दिसायला सुरेख, अंड्याएवढं, झाडाला काटेही कमी. चवीबद्दल मी बोलत नाही. ज्या फळासाठी कुणाचा शर्ट फाटत नाही ते पोटात जातं, आठवणीत जात नाही.

आणि कुपाट्याही कमी झाल्या. रोही आणि रानडुक्कर यांनी शेतकऱ्याचा पिच्छा पुरवलाय. आधी धुऱ्याभोवती जुन्या लुगड्यांचे पडदे लागले. रात्री रंगीत कापड हललं की डुक्कर बिचकतं म्हणे. लांबून पाहावं तर शंभर बाया ओळीने उभ्या असल्याचा भास. डुकरांना काही दिवसांनी कळतं की लुगड्यात कुणी नाही. मग झटका मशीन आलं. खांब, तार, बॅटरी, वर सौरऊर्जेची पाटी, आणि रात्रभर टक् टक् आवाज. तारेला शिवलं की जोरदार झटका, प्राणी मागे फेकला जातो. बोराटीच्या अगदी उलट स्वभाव. ही ढकलून देते, ती धरून ठेवत होती.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, गावाच्या दक्षिणेला त्यांचं वावर. त्यांच्या धुऱ्यावर कुपाटी दिसली नाही म्हणून मी विचारलं, “काका, यंदा बोराटी घातली नाही?”

“तोडाले मानूस भेटत नाही बाप्पा. बोराटीचं नाव काढलं का मजूर पाव्हना जातो म्हनते. अन् घालून तरी काय? रोही वरून उडी मारते, डुक्कर खालून शिरते. मंग ते काय माह्यासाठी ठेवू?”

खरंच होतं. दर वेळी आत शिरताना काकांचंच धोतर त्यात अडकायचं. आता चारी बाजूंनी तार चमकत होती. काका मला मशीन दाखवायला कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे जाऊन पाहतो तर बॅटरीच्या पेटीभोवती आणि पाटीच्या खांबाभोवती छातीएवढी उंच, दाबून दाबून रचलेली बोराटीची कुपाटी.

“हे काय काका?”

“मशीनले राखन नको का?” काका दुबेळकीने एक फांदी बाजूला सारत म्हणाले. “चोर आधी बटन बंद करते, मंग मशीन नेते. बोराटीले कुठी बटन हाये?”