रूट कॅनालोत्तर दाढेचे वर्तन

दाताच्या मुळांतील अरुंद नलिकांमधून दंतमज्जा, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ गाभा, काढून टाकणे, त्या नलिका बारीक कानशींनी खरवडून व निर्जंतुक करून कायमच्या बुजवणे आणि शेवटी दाढेवर टोपी, अर्थात कॅप, बसवणे, अशी रूट कॅनाल उपचाराची शास्त्रीय मांडणी आहे. परंतु लोकव्यवहारात हा उपचार दुखणे थांबले की संपतो, आणि कॅप ही दंतवैद्याने बिल वाढवण्यासाठी काढलेली पुरवणी समजली जाते. दुखरी दाढ स्वतःचा पाठपुरावा स्वतःच, तोही रात्री दोनला, करीत असल्याने तिच्यासाठी पैसे कुठूनही उभे राहतात. मुकी झालेली दाढ मात्र घरखर्चाच्या यादीत मुलाचा क्लास, गळका गीझर आणि भावकीतले लग्न यांच्यामागे जाऊन बसते, आणि कॅपचा मुहूर्त दिवाळीनंतर, मग संक्रांतीनंतर, मग 'मार्च एंडिंग होऊन जाऊ दे' असा सरकत राहतो.

नलिका ज्याने बुजवतात तो गटापर्चा नावाचा पदार्थ मूळचा मलाया भागातील एका वृक्षाचा चीक असून, एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलींवर त्याचेच वेष्टन असे. १८५१ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये टाकलेली केबलही त्यानेच मढवलेली होती. ज्याच्या भरवशावर निरोप समुद्रापार गेले त्याच पदार्थाने भरलेल्या दाढेतून पुढे एकही निरोप निघू नये, हा योगायोग मोठा आहे. अर्थात त्यात गटापर्चाचा दोष नाही, कारण त्याच्या आगमनापूर्वीच नसेची रवानगी झालेली असते. दाढेभोवतीच्या अस्तराला दाब अजूनही कळतो, पण आतून किडते आहे किंवा थंड लागते आहे, हे कळवणारे कोणी उरत नाही.

नस काढली की दाढ वाळून ठिसूळ होते, ही समजूत सर्वत्र प्रचलित आहे; मोडण्याचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. काढलेल्या उपदाढांवर केलेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, केवळ रूट कॅनालसाठी भोक पाडल्याने दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी घटतो, तर दोन्ही बाजूंच्या कडा छेदणाऱ्या मोठ्या पोकळीमुळे तो सुमारे ६३ टक्क्यांनी घटतो. तात्पर्य, दाढ उपचाराने कमकुवत होते त्याहून किती तरी अधिक ती उपचाराची वेळ येईपर्यंत झालेल्या दुर्लक्षाने झालेली असते, आणि उरलेल्या भिंती आतल्या तुळया काढून नेलेल्या जुन्या वाड्याप्रमाणे केवळ सवयीने उभ्या असतात. कॅपचे काम या भिंतींना चहूबाजूंनी आवळून धरणे हे आहे.

मोडण्याच्या प्रसंगी दाढ एक विशिष्ट औचित्य पाळते. ऊस, चिक्की, सुपारी, कडक बुंदीचा लाडू अशा प्रतिष्ठित पदार्थांच्या वेळी रुग्ण सावध असल्याने ती सहसा मोडत नाही. ती मोडते पोह्यांतल्या शेंगदाण्यावर, नाहीतर चांगल्या शिजलेल्या वरणभातावर, म्हणजे ज्याचे नाव दंतवैद्यासमोर घेताना संकोच वाटावा अशा अन्नावर. तुटलेला तुकडा प्रथम खोबरे समजून चावला जातो, मग भातातला खडा ठरून त्याबद्दल स्वयंपाक करणाऱ्यास बोल लावला जातो, आणि अखेर तळहातावर खरी ओळख पटली की तो धुऊन, कागदाच्या पुडीत बांधून, पुराव्यादाखल जपला जातो. पुढच्या दातांचा तुकडा कधी कधी परत चिकटवता येतो. दाढेच्या तुकड्याकडे मात्र दंतवैद्य नम्रपणे पाहतो आणि पुडी परत करतो.

यानंतरचे दिवस जिभेचे असतात. जिभेला प्रत्येक खळगा प्रत्यक्षाहून मोठा भासतो, त्यामुळे सुटलेल्या कपच्याच्या जागी तिला दरी सापडते आणि त्या दरीचे सर्वेक्षण ती बैठकीत, बसमध्ये, इतकेच नव्हे तर सांत्वनाला गेलेल्या घरीही थांबवत नाही, परिणामी तिच्या कडेला व्रण पडतो. अशा वेळी धारदार कडेवर दातांच्या तारा बसवणाऱ्यांना देतात ते मऊ मेण तात्पुरते दाबून ठेवणे हा सभ्य उपाय होय. घरातला झटपट चिकटवणारा गोंद वापरून पाहण्याची कर्त्या पुरुषांची प्रवृत्ती सर्वथा रोखावी. भोजनाचे सर्व व्यवहार दुसऱ्या बाजूकडे वर्ग होतात, गुरगुट्या भात आणि मेतकूट यांना आजारपणाशिवाय प्रतिष्ठा लाभते, आणि चकली चहात बुडवून खाणाऱ्यांस आयुष्यभर हसलेली व्यक्ती तेच कृत्य, जरा पाठ वळवून, करताना आढळते.

दंतवैद्याचा पहिला प्रश्न 'कॅप बसवली होती का?' हाच असतो, आणि त्याचे उत्तर त्याला ठाऊक असते. नंतर तो एक्स-रे काढून मोड हिरडीच्या वर थांबली आहे की मुळात उतरली आहे, हे पाहतो. हिरडीच्या वर सभोवार साधारण २ मिलिमीटर शाबूत भिंत उरली असेल तर तिला फेरूल म्हणतात. तिच्यावर कॅपची पकड बसते, आणि गरज पडल्यास मुळात छोटा खांब रोवून त्यावर नवा गाभा बांधता येतो. चीर मुळातून उभी गेली असेल तर बहुधा दाढ काढावी लागते. मग ब्रिज करावा तर शेजारच्या दोन निरोगी दातांना घासून घ्यावे लागते, आणि इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, करावा तर हाड त्याला धरेपर्यंत काही महिने थांबावे लागते, ज्याचा खर्च ऐकून रुग्णास कॅपची मूळ किंमत प्रथमच वाजवी वाटू लागते.

याच भेटीत रुग्ण जाता जाता विचारतो की, इतके दिवस सगळे चावणे ज्या बाजूवर ढकलले होते तिकडची दाढ दोन दिवसांपासून गार पाण्याने झिणझिणते आहे, तर तिचे काय. दंतवैद्य त्याला पुन्हा खुर्चीत बसवतो.