मंगळावरची पत्रा चाळ

मंगळावर वस्ती करायला निघालेल्या मस्कसाहेबांनी आपल्या स्टारशिप यानासाठी आधी कार्बन फायबर निवडलं होतं. महाग पडतं म्हणून मग ठरलं स्टेनलेस स्टील. म्हणजे पत्राच! जेमतेम चार मिलिमीटर जाडीचा. तिखट-मिठाच्या डब्यांची जातकुळी. त्यात म्हणे शंभर माणसं बसवायची. आमच्या गोरेगाव पश्चिमेला सिद्धार्थनगर आहे, लोक त्याला पत्रा चाळच म्हणतात. साहेबांनी एकदा इथे चक्कर मारली असती, तर आराखड्याचा खर्च वाचला असता. पत्र्याखाली, कमी जागेत, शेजाऱ्याचा खोकला ऐकत कसं राहायचं याचं प्रशिक्षण इथे बिनपगारी झालेलं आहे. सकाळी नंबर लावायचंही. अंतराळ स्थानकावर शौचालयं इनमीन दोन-चार, तिथे आमची माणसं कधीच गोंधळणार नाहीत.

मात्र वेळापत्रकाचं तेवढं विचारू नका. पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार झाला २००८ साली. चांद्रयान-१ सुटलं तेही २००८ मध्येच. पुढे चांद्रयान-२ गेलं, त्याचं लँडर आदळलं. त्यातून धडा घेऊन लँडरचे पाय मजबूत केले आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर अलगद उतरलंसुद्धा.

त्या संध्याकाळी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवणाऱ्या या ६७२ कुटुंबांच्या हातात घराची किल्ली आलेली नव्हती.