जागा संपत आली आहे

14 ऑक्टोबर 2025 या दिवशी जगातले कोट्यवधी धडधाकट संगणक कागदोपत्री वारले. मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा आधार काढून घेतला. ज्यांनी अर्ज केला त्यांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, बाकीच्यांना विंडोज 11 चं दार दाखवलं. त्या दारात आधी पत्रिका मागतात. टीपीएम 2.0 चिप आहे का? प्रोसेसर कितव्या पिढीचा? इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक सगळ्या घराण्यांची पत्रिका जुळली नाही आणि स्थळ परत गेलं.

शेजारच्या काकांचा डबा त्यातलाच. मी पेनड्राइव्ह घेऊन गेलो आणि तासाभरात त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून दिलं. डबा पळायला लागला. काका खूश.

"किती झाले?"

"काही नाही. फुकट आहे."

काकांचा चेहरा पडला. "फुकट? मग यात त्यांचा काय फायदा?"

मी प्रवचन सुरू केलं. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं हौस म्हणून सुरुवात केली, मग जगभरचे लोक हातभार लावत गेले, याचा कोड कोणालाही वाचता येतो, वगैरे. काकांनी शेवटचं तेवढंच ऐकलं. "म्हणजे कोणीही आत डोकावणार?"

हेच काका. यांचं पॅन, आधार, बायपासचे रिपोर्ट आणि मुलीच्या लग्नाचे साडेतीन हजार फोटो फोनवरून आपोआप कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीकडे जमा होतात. तेही फुकटच. तिथे मात्र 'त्यांचा काय फायदा' हा प्रश्न कधी पडला नाही. आपल्याकडे फुकटाचा संशय फक्त तिथेच येतो, जिथे कोणी काही विकत नसतं.

गूगल फोटोज 2015 मध्ये आलं तेव्हा थोडे दाबून बसवलेले फोटो हवे तितके ठेवा, असं आवतण होतं. माणसांनी सकाळच्या नाश्त्यापासून गणपतीच्या आरतीपर्यंत सगळं तिथे नेऊन ठेवलं. 1 जून 2021 पासून नवे फोटो 15 जीबीच्या हिशोबात धरायला लागले आणि त्याच 15 जीबीत ईमेलही. आता काकांच्या फोनवर दर दोन दिवसांनी निरोप येतो, जागा संपत आली आहे. पागडीच्या खोलीतला भाडेकरू निदान घरमालकाशी तीस वर्षं कोर्टात भांडतो. क्लाउडमधला भाडेकरू 'मला मान्य आहे' वर टिचकी मारतो आणि महिन्याचं भाडं सुरू करतो.

ऑर्कुट या संकेतस्थळावर मित्रांनी लिहिलेली कौतुकं आठवतात? 30 सप्टेंबर 2014 ला दुकान बंद झालं. आपलं सामान उचलून न्यायला पुढं दोन वर्षांची मुदत होती. किती जणांनी नेलं, हात वर करा. आणि 2009 मध्ये अॅमेझॉननं हक्काच्या वादावरून एक पुस्तक लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसलं, पैसे परत दिले. पुस्तक कोणतं, तर ऑरवेलचं '1984'. आम्हा तिरकस लिहिणाऱ्यांच्या पोटावर पाय, दुसरं काय!

आता आमच्या लिनक्सवाल्या जमातीकडे या. आम्हाला सगळं पाठ असतं. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. हे मी काकांना, काकूंना आणि एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसालाही ऐकवलंय. माझ्या घरी रोज रात्री दोन वाजता आरसिंक नावाचं साधन इमानेइतबारे प्रती काढत होतं. फक्त बाहेरची डिस्क कधीतरी निघाली होती, ती मी पुन्हा जोडली नव्हती. त्यामुळे आठ महिने ते त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या कप्प्यात प्रती रचत बसलं. मग एका रविवारी मी 'डीडी' ही डिस्कवर थेट लिहिणारी आज्ञा चालवली. ती 'नक्की ना?' असं विचारत नाही. दुसऱ्या डिस्कचं नाव 'एसडीबी' लिहायचं तिथे पहिलीचं 'एसडीए' लिहिलं. मूळ आणि प्रत एकाच चितेवर गेली. बायको म्हणाली, "तुझं ते तीन-दोन-एक म्हणजे उलटी गिनती होती होय!"

समाधान इतकंच, की मोठ्यांचंही असंच असतं. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारी नोकरांच्या फायली ठेवायची 858 टेराबाइटची साठवण खाक झाली. प्रत का नव्हती? तर म्हणे साठा फार मोठा होता. घर फार मोठं, म्हणून कुलूप लावलं नाही.

खुद्द लिनसची हार्ड डिस्क 1996 साली आचके देऊ लागली होती. तेव्हा त्यानं थट्टेत लिहिलं, की मर्द लोक टेपवर प्रती ठेवत नाहीत, आपलं काम इंटरनेटवर टाकतात आणि जगाला त्याच्या प्रती करू देतात. हे आम्हाला नवीन नाही. इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी वर आली, अशी आख्यायिका आहे. ती लोकांना मुखोद्गत होती म्हणून वाचली, असं मानणारेही पुष्कळ. त्या प्रतींना 15 जीबीची मर्यादा नव्हती आणि प्रत चांगली उतरलीय का, याची तपासणी रोज कीर्तनात व्हायची.

गेल्या आठवड्यात काकांनी माळ्यावरून एक सीडी काढली. 1998 साली त्यांच्या वडिलांच्या आठवणी टाइप करून घेतल्या होत्या, त्याची. सीडी वाजली, फाइल उघडली, मी मनात लिनक्सचा जयजयकार केला. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणांची भेळ. युनिकोड रुळण्याआधी जो तो फॉन्टवाला इंग्रजीच्या अक्षरांवर आपापला क आणि ख बसवायचा. हा फॉन्ट कुठला, ते टाइप करणाऱ्या माणसालाच ठाऊक, आणि तो माणूस आता नाही. फाइलमधला एक बाइटसुद्धा हरवला नव्हता. फक्त आजोबा वाचता येत नव्हते.

"कागदावर छापलेलं काही आहे का?" मी विचारलं.

काकूंनी आतून पिवळी पडलेली फाइल आणली. डॉट मॅट्रिक्सवर छापलेली एकशे बारा पानं, कडेची भोकं शाबूत, अक्षर न् अक्षर लागत होतं. काकांचे डोळे भरून आले. थोड्या वेळानं त्यांनी चष्मा पुसला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "फोटो काढून गूगलवर टाकून दे बरं सगळे. म्हणजे हरवायला नको."

पंधराव्या पानाला फोन म्हणाला, जागा नाही.