बेन, भाव बोलो!

परमुलखात शिकवण्या घेणाऱ्या मराठी बाईला भाषा येते, तिचं व्याकरण येतं, समोरच्याला काहीच येत नाही हे त्याला न दुखावता सांगताही येतं. अडतं ते फी सांगताना. ही बाई बडोद्यात भेटते, बंगळुरात भेटते, आखातातही भेटते. पण तिची खरी परीक्षा सुरतेत. इतर गावांत फी न सांगणाऱ्याला लोक भिडस्त म्हणतात आणि वर कौतुक करतात. सुरतेत त्याच्याकडे संशयाने बघतात. ज्या मालाला भाव नाही तो एकतर फुकट असणार, नाहीतर त्यात खोट असणार, असा इथला साधा हिशेब.

बाई मूळच्या बहुधा पुण्याच्या. नवरा हजिऱ्याच्या कुठल्यातरी अवाढव्य कारखान्यात, घर अडाजणला नाहीतर पालला, अकराव्या मजल्यावर. मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकून पुढे एका क्लासमध्ये त्यांनी ती शिकवलेली. तिथे विद्यार्थी पैसे खिडकीत भरत, बाईंना महिनाअखेर पाकीट मिळे, आणि विद्या व पैसा यांची समोरासमोर गाठ कधी पडत नसे. सुरतेत आल्यावर पहिलं वर्ष पडदे आणि कामवाली यांत गेलं. मग बाईंना जर्मन येतं हे शेजारच्या बेनना कळलं. शेजारच्या बेनना कळलेली गोष्ट रिंग रोडच्या कापड मार्केटात पोचायला फार तर एक दुपार लागते. मुलांना परदेशी पाठवायची ओढ या शहराला आहेच. कॅनडाने 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातल्यावर काही आईबापांची बोटं नकाशावर जर्मनीकडे सरकली, आणि बाईंचा फोन वाजू लागला.

सुरतेत शिकवायला आलेली मराठी माणसं काही आजची नाहीत. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर इथल्या सरकारी इंग्रजी शाळेत मास्तर होते. 1844 मध्ये गुजराती सुधारक दुर्गाराम मेहताजींच्या जोडीने त्यांनी याच शहरात मानवधर्मसभा काढली. जातिभेद, मंत्रतंत्र, भुतंखेतं, सगळ्यांवर ही मंडळी भरसभेत बोलली. केवढी हिंमत! पण दादोबांचा पगार सरकारी होता. जातिभेदाविरुद्ध बोलायला लागते ती हिंमत वेगळी आणि 'महिन्याचे चार हजार होतील' म्हणायला लागते ती वेगळी. दुसऱ्या हिंमतीची वेळ दादोबांवर आली नाही, म्हणून त्यांची थोरवी अबाधित राहिली, असं आपलं माझं मत.

बाई तयारी करत नाहीत असं मात्र नाही. शेठ आपल्या मुलाला घेऊन येणार म्हटल्यावर सकाळपासून स्वयंपाकघरात तालीम चालते. 'तासाचे सहाशे.' कणीक मळताना हा आकडा ठणठणीत असतो. खालून वॉचमनचा इंटरकॉम येतो तेव्हा तो साडेपाचशे झालेला असतो. लिफ्ट एकेक मजला वर चढते आणि आकडा एकेक पायरी उतरतो. दाराची बेल वाजते तेव्हा चारशे. शेठ चपला काढून आत येतात, पाणी पितात, "घर मस्त छे" म्हणतात, आणि आकडा पायपुसण्यावर येऊन बसतो.

"तो बेन, भाव शुं छे?"

"अहो, फीचं काय एवढं! आधी मुलाला आवडतंय का ते बघू. पहिले एकदोन तास असेच होऊ द्या."

सुरतेच्या हिरेबाजारात माल 'जांगड'वर देतात. म्हणजे घेऊन जा, दाखवा, पसंत पडला तर सौदा, नाही तर परत. हिरा परत येतो. बाईंनी जांगडवर दिलेले 'डेर, डी, डास' कसे परत यायचे? पण शेठना व्यवहार ओळखीचा वाटतो, ते खुशीत मान हलवतात. एकदोन तासांचे आठ होतात. आठव्या तासाला मुलगा स्वतःचं नाव, गाव आणि वडिलांचा धंदा जर्मनमध्ये सांगू लागतो, आणि बाई इतक्या भारावतात की त्या दिवशी पैशाची गोष्ट काढणं त्यांना अभद्र वाटतं.

शेवटी शेठच काढतात. या प्रसंगात कंजूष शेठ आणि बिचाऱ्या बाई असं चित्र कुणी रंगवेल, तर ते साफ खोटं. शेठ अगदी रडकुंडीला आलेले असतात. "बेन, तमे भाव बोलो तो अमे ओछो करावीए. भाव ज नथी, तो ओछो शेमांथी करावीए?" तुम्ही काही बोललात तर आम्ही त्यातून कमी करून घेऊ, काहीच बोलला नाहीत तर कमी तरी कशातून करायचं? माणसाचा हक्कच हिरावून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. घासाघीस ही त्यांच्या दृष्टीने ओळख वाढवायची रीत, आणि बाईंच्या दृष्टीने अपमान. दोघंही परस्परांशी अत्यंत सभ्यपणे वागत असतात, नि म्हणूनच सौदा पुढे सरकत नाही.

बाई मग विद्वत्तेचा आधार घेतात. जर्मनच्या ए-वन या पहिल्या पातळीला साधारण 80 ते 200 तासिका लागतात, असं खुद्द गटे इन्स्टिट्यूट म्हणते, आणि तासिका असते 45 मिनिटांची. शेठच्या डोळ्यांत प्रथमच चमक येते. हे त्यांच्या भाषेतलं आहे. 80 ते 200? एवढा फरक तर दिवाळी सेलमध्येसुद्धा नसतो. "आपण 80 धरून चालू," ते म्हणतात. मग क्षणभर थांबून, "अने कलाक पिस्तालीस मिनिटनो? म्हणजे पंधरा मिनिटांचा वटाव तुम्ही आधीच कापून घेतला!" यावर बाई ओशाळतात आणि तिथल्या तिथे पूर्ण साठ मिनिटं शिकवायचं कबूल करतात. फी अजून ठरलेली नसते. पण तीवर सूट देऊन झालेली असते.

एकदा कसाबसा आकडा ठरला तरी तो हातात पडण्याची वेगळी कथा. कापड मार्केटात पैसे चुकते करण्याच्या मुदतीला 'धारा' म्हणतात. साठ दिवस, नव्वद दिवस, ज्याचा जसा धारा. बाईंना वाटतं, महिना संपला की पैसे. शेठना वाटतं, बाई काही बोलत नाहीत म्हणजे धारा लांबचा असेल. मध्ये दिवाळी येते. मार्केट बंद होतं ते लाभपाचमीला उघडतं; वराछाकडची हिरेवाली कुटुंबं तर सौराष्ट्रात आपापल्या गावी जातात. मग लग्नसराई. मग उत्तरायण, जे सुरतेत एका दिवसात संपत नाही. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण असतं आणि मुलाच्या बोटांना मांज्याने कापलेलं असल्यामुळे तिसऱ्या दिवशी लिहिता येत नाही. बुडलेले तास बाई भरून देतात. कुणी मागितलेले नसतात तरी.

पैसे उशिरा येतात, बाकी सगळं वेळेवर येतं. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, तुपात न्हालेली घारी येते. थंडीत पोंक, म्हणजे आपला हुरडा, येतो, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. एखाद्या रविवारी सकाळी लोचो येतो, गरमागरम. नवऱ्याचं कोलेस्टेरॉल ए-वनवरून बी-टूला गेलं तरी खात्यात जमा काही दिसत नाही. एकदा एका शेठाणीने सहा साड्यांचा गठ्ठाच पाठवला. बाईंनी गुपचूप त्यांची किंमत काढली, ती थकलेल्या फीपेक्षा जास्त निघाली, आणि आता आपणच देणं लागतो या विचाराने बाईंनी आणखी चार तास शिकवलं.

मराठी विद्यार्थ्यांबद्दल न बोललेलं बरं. मंडळाच्या गणपतीत भेटलेले लोक "आमच्या पिंकीला जरा बघा ना" म्हणतात. या 'जरा'ची मुदत परीक्षेपर्यंत असते. गुजराती माणूस भाव विचारतो तरी. आपला माणूस तेवढाही परकेपणा दाखवत नाही. उलट फीचा विषय निघालाच तर थट्टा होते की, शिवाजी महाराज 1664 ला आले आणि 1670 ला पुन्हा आले, वसुली तेव्हाच झाली, आता तुम्ही कशाला मागताय!

याला अपवाद दिंडोलीचा एक मुलगा. उधना, लिंबायत, दिंडोली हा सगळा खानदेशाचा मुलूख. जळगाव-धुळ्याकडून भुसावळच्या गाडीने आलेली माणसं इथल्या यंत्रमागांवर राबतात. हा मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला, पुढे नर्सिंग केलं. जर्मनीत नर्स व्हायचं तर सहसा बी-टू लागतं, म्हणून आला. सोबत वडील. उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "ताई, फी कितली शे?" बाईंनी इथे मात्र निर्धाराने सांगितलं की तुमच्याकडून काही घ्यायचं नाही. वडील म्हणाले, मग पोरगा येणार नाही. बाई शंभराने चढल्या, ते शंभराने चढले. त्या घरात झालेली ही एकमेव घासाघीस, आणि तीही उलटी. दर एक तारखेला मुलगा घडी घातलेल्या नोटा टेबलावर ठेवतो आणि पुस्तक उघडतो. बाई त्या वेळी खिडकीबाहेर बघतात.

फीचा हा सगळा घोळ अखेर शेठच्याच्याने बघवेना. एका संध्याकाळी ते दुकानातल्या मेहताजींना, म्हणजे मुनिमांना, घेऊन आले. मेहताजींनी चष्मा लावला, कागदावर चार रेघा मारल्या: एकटा विद्यार्थी, दोन मिळून, चौघांचा गट, सुट्टी कळवली तर, न कळवली तर, आगाऊ भरले तर वटाव, धारा सात दिवस. तासाचे सातशे. सातशे! बाईंना घाम फुटला. "कोण देईल?" शेठ म्हणाले, "हुं आपीश." आणि मागचा सगळा हिशेब त्यांनी नव्या दराने त्याच रात्री चुकता केला.

दोन दिवसांनी तो दरपत्रकाचा कागद छापून, प्लॅस्टिकमध्ये मढवून आला. बाईंनी तो भिंतीवर लावला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून खाली जाड पेनाने एक ओळ जोडली, 'अडचण असल्यास निःसंकोच सांगावे.' आता सुरतेत कागद कुठलाही असो, वाचायला सुरुवात तळापासून होते. त्या आठवड्यात बाईंच्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकदम अडचणी आल्या. शेठना कळलं तेव्हा ते मुलाला सोडायच्या निमित्ताने वर आले, भिंतीपाशी गेले आणि खिशातल्या पेनाने ती ओळ खोडत रागावून म्हणाले, "बेन, आवुं लखाय?"

मग खुर्ची पुढे ओढून बसले. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या साळ्याचा मुलगाही येणार होता, तेव्हा दोघांचं मिळून काहीतरी वाजवी करा.